दगड नसलेल्या कबरी

आमच्या चर्चच्या कबरस्तानात गोऱ्या साहेब लोकांच्या कबरींना संगमरवर होता आणि आमच्यांना विटांची कड. दरवर्षी दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, त्या विटांना चुना मारायचा, झेंडू वाहायचा, मेणबत्ती लावायची. माझा धाकटा भाऊ तिथं होता. गेला तेव्हा सव्वा वर्षाचा होता.

सत्तरच्या दशकात चर्चच्या कमिटीच्या डोक्यात वारसा शिरला. साहेबांच्या कबरी बघायला पाहुणे येतात, त्यांना फरशीची वाट हवी, म्हणून दगड नसलेल्या कबरी सपाट करायच्या, असं सेक्रेटरींनी रविवारी मिस्सा संपल्यावर वाचून दाखवलं. जुन्या रजिस्टरला वाळवी लागलेली. तेव्हा येत्या मृतांच्या दिवशी ज्यांची माणसं कबरीपाशी उभी राहून नाव सांगतील, तेवढ्याच राहणार. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वारसा तेवढा साहेबांचा, आणि आमची पोरं काय पालापाचोळा?

मृतांच्या दिवशी मोहल्ल्यातल्या बाया चुन्याच्या बादल्या घेऊन सकाळीच तिथं हजर. सेक्रेटरी वही घेऊन फिरत आमच्यापाशी आले.

"दगड नाही, पाटी नाही. नाव कुठं आहे?"

"माह्या तोंडात हाये, साहेब. लिवा," आई म्हणाली.

भावाशेजारी एक लहानसा उंचवटा होता. शेजारणीची मुलगी, तीन दिवसांची, नाव ठेवायच्या आधीच गेलेली. शेजारीण नवऱ्याच्या खाणीतल्या नोकरीपायी सावनेरला राहायला गेली होती, तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आईनं त्या विटाही पांढऱ्या करून ठेवल्या होत्या.

"आणि ही कोणाची?"

"हे बी माहीच पोरगी हाये."

"नाव?"

आईनं वळून माझ्याकडे बघितलं. मग तिनं माझं नाव सांगितलं.

मी बादली धरून मागेच उभी होते. दर रविवारी क्वायरमध्ये गायचे, सेक्रेटरी मला चांगले ओळखत होते.

"अहो, ही तर इथं उभी आहे!"

आई साहेबवरून थेट एकेरीवर आली. "काहून गा, जित्या पोरीची कबर मोडून राहिला का तू?"

बाकीच्या बाया बादल्यांसकट जवळ सरकल्या. सेक्रेटरींनी वहीत माझं नाव लिहिलं.

वाट झाली, पण वळसा घालून. पुढच्या वर्षी शेजारीण सावनेरहून आली, तेव्हा तिची पोर जागेवर होती.

आता आईही तिथंच आहे. दोन नोव्हेंबरला मी तिघांच्या विटा पांढऱ्या करते. कोणी विचारलंच, ही छोटी कोणाची, तर सांगते, माझी.