घंटा आणि कडी

आमचे हे धारच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. प्लेगाचे दिवस. उंदीर दिसला की लोक घर सोडून रानात झोपड्या बांधत होते, आणि ह्या गृहस्थांनी सापळ्यातला जिवंत उंदीर पिंजऱ्यात घालून ओसरीवर ठेवला. जनावराला भीती शिकवता येते का, हे म्हणे बघायचं होतं. हळदीकुंकवाच्या बायका त्या दिवसापासून आमच्या दारात येईनाशा झाल्या.

बरं, शाळेची घंटा मोठी, म्हणून माझ्या माहेरची, देवासहून आणलेली पूजेची घंटा उचलली. घंटा वाजवायची आणि लगेच विजेच्या पेटीचा दांडा हातानं फिरवायचा, की पिंजऱ्याच्या तारांतून त्याला झटका. थोड्याच दिवसांत नुसत्या घंटेनंही तो कोपऱ्यात थिजायला लागला. हे खूश. मी कपाळाला हात लावला, कारण सकाळी पूजेला तीच घंटा वाजली की ओसरीवर त्या मुक्या जिवाचं धाबं दणाणायचं. देवाची घंटा ती, प्रयोग झाल्यावर चिंचेनं घासून देवघरात ठेवली म्हणजे झालं?

"आता ह्याची भीती घालवा," मी बजावलं.

"जाईल. घंटा वाजत राहिली आणि झटका बसला नाही, की जाते," हे म्हणाले. "पण घंटा वाजायला हवी."

ते राहूनच गेलं. हे तिरल्याला मुलांची परीक्षा घ्यायला गेले, तिथं उन्हात चक्कर येऊन पडले ते उठलेच नाहीत. भर दुपारी दाराची कडी वाजली. शाळेचा शिपाई होता. "बाई साब, किवाड़ खोलो," एवढंच म्हणाला, आणि त्याच्या आवाजावरून मी समजले.

तेव्हापासून कडी वाजली की माझे हातपाय गार पडायचे. भेटायला येणारी माणसं कडी वाजवायची आणि मी स्वयंपाकघरात भिंत धरून उभी. दिवस झाले, माणसं पांगली. माहेरहून आलेल्या वहिनी म्हणाल्या, "देवासला चल, पण ते उंदराचं ध्यान मारून टाक आधी." मी गेले नाही. मला सगळ्यांचाच राग आला होता, ह्यांचाही. त्या घरात माझ्याशिवाय श्वास घेणारं तेवढंच उरलं होतं, आणि तेही मला घाबरत होतं. ते मला सहन होईना.

पूजा मीच करू लागले. घंटा अगदी हळू वाजवायची आणि नैवेद्यातला पोळीचा तुकडा पिंजऱ्यात टाकायचा. कितीतरी दिवस त्यानं तोंड लावलं नाही. मग मी असताना खाऊ लागला. एका सकाळी घंटा वाजली, तर तो तारांना पुढचे पाय टेकून माझी वाट बघत उभा. मी तिथंच बसून रडले.

ह्यांचं खरं निघालं होतं. मला वाटलं, माझ्या कडीचंही तसंच होईल. पण प्लेग गेला तरी बायका आल्या नाहीत. आधी उंदीर आड होता, आता माझं पांढरं कपाळ. गवळणसुद्धा दूध ओट्यावर ठेवून परस्पर जायची. त्यानंतर कडी कुणी वाजवलीच नाही. वाऱ्यानं हलली तरी अजून माझे हात गार पडतात.