हे कुठलं?

जगातल्या यच्चयावत अन्नाची कुंडली ठाऊक असलेली आणि तरीही कायम उपाशी राहणारी बाई सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत एकच असेल, आणि ती आमच्या हिची धाकटी मावसबहीण आहे. शेती आणि अन्न यांच्यामागचं विज्ञान हा तिचा विषय. ती कुठल्याच वर्तमानपत्राची पगारी नोकर नाही. जो मागेल त्याला लेख लिहून देते. खाण्याची तर भलतीच आवड. पण घास आत जाण्याआधी तोंडातून ‘हे कुठलं?’ हा प्रश्न बाहेर पडतो. भाजी, ताक, फार काय, सत्यनारायणाच्या प्रसादातलं केळंही त्यातून सुटत नाही. उत्तर मिळालं की डोळे मिटून अशी खाते, की बघणाऱ्याला भूक लागावी. पण उत्तर द्यायला थांबतो कोण? लोकांना वाटतं, बाई खोट काढतेय.

सांगलीतल्या एका लग्नात तिने थेट आचाऱ्याला गाठून, अगदी प्रेमाने, ‘हळद कुठली?’ असं विचारलं. गळ्यात पत्रकार संघाचं ओळखपत्र, हातात पेन. भेसळ पकडणारे साहेब आले असं समजून आचाऱ्याने पातेल्यांवर झाकणं टाकली आणि मागच्या दाराने सूंबाल्या केला. नवऱ्या मुलाच्या मामांनी त्याला बसस्टँडवरून समजूत घालून परत आणला, तोवर मसालेभात तळाला लागला होता.

तेव्हापासून नातेवाइकांनी तिला जेवायला बोलावणंच सोडलं. चहाला बोलावतात आणि पुढे बिस्किटांचा बंद पुडा ठेवतात, कारण त्यावर सगळं छापलेलं असतं. आमची हीसुद्धा तेच करते. ती बिचारी पुडा वाचते, एक बिस्कीट खाते आणि खोलीवर जाऊन एकटीपुरती खिचडी टाकते. “दाजी, मी काय परीक्षा घेते का हो लोकांची?” असं तिने एकदा मला विचारलं, तेव्हा फार वाईट वाटलं.

गेल्या हिवाळ्यात बाजरीवर लिहायचं म्हणून ती म्हसवडकडे निघाली. गाडी माझी, म्हणून मीही गेलो. माळावरच्या वस्तीवर एका म्हातारीने आम्हाला भाकरी आणि खर्डा वाढला. आमच्या बाईंनी लगेच विचारलं, “हे कुठलं?” मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला. म्हातारी मात्र चुलीपुढे बसल्या बसल्या सांगत सुटली. रान कुठलं, बी कुणी दिलं, जातं सासूचं, मिरची लेकीच्या गावची. सगळं सांगून झाल्यावर तिनेच विचारलं, “आन् तू कुठली गं?”

हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नसावा. हातातला घास ताटात ठेवून ती म्हणाली, “माधवनगरची. मिलच्या चाळीतली. आता मिल न्हाई, चाळ बी न्हाई.”

“मग हितलीच समज,” म्हातारी म्हणाली आणि तिच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

ती खाली मान घालून जेवली. खर्डा लय तिखट आहे म्हणत दोनदा डोळे पुसले.

पुढे तिचा लेख छापून आला. बाजरीबद्दल त्यात सगळं होतं, पण त्या भाकरीबद्दल एक ओळ नव्हती. मी विचारलं, तर आमच्या बिस्किटांचा पुडा उलटसुलट करत ती म्हणाली, “घरच्या जेवणावर कोण लिहितं, दाजी?”