हरिपूरला पोचलेला एकच भोपळा

ता. १२ मे १९४६, रविवार. रक्कम बहात्तर रुपये, म्हणजे कॉलेजची सहामाही फी. हजर: माझी भाची, तिचे वडील अण्णा म्हणजे माझे दाजी, एक नावाडी आणि मी. ठिकाण सांगलीचा घाट.

भाचीला भौतिकशास्त्र शिकायचं होतं. दाजी हळदीचे व्यापारी. त्या शास्त्रात नुसती गणितं, त्यांचा उपयोग काय, असं त्यांचं म्हणणं. अखेर अट त्यांनीच घातली. पोहायला शिकताना पाठीला बांधतात तसले दोन वाळके भोपळे घाटावरून सोडायचे. ते हरिपूरच्या संगमावर किती वेळात पोचतील, हे पोरीने आधी सांगायचं. जमलं तर फी, नाहीतर लग्नाचं बघायचं.

मी साताऱ्याला मोजणी खात्यात कारकून, म्हणून भाचीचं गणित मीच हाती घेतलं. शंभर पावलांत पाण्याचा वेग काढला, लॉगच्या कोष्टकांवरून आकडेमोड तीनदा तपासली. उत्तर: दोन तास अकरा मिनिटं सतरा सेकंद. ते सेकंद लिहिताना मला फार बरं वाटलं. अंतर पावलांनी मोजलंय, हे सोयीस्करपणे विसरलो.

नावाडी म्हणाला, "आवं सायेब, नदीला घड्याळ दावलंय का?"

भाचीने दोन्ही भोपळे एकदम सोडले. आम्ही नावेतून मागोमाग निघालो. पहिल्या वळणावर एक मधल्या धारेला लागला. चार बोटं अलीकडचा दुसरा खडकामागच्या भोवऱ्यात शिरला आणि गरगर फिरू लागला. पहिला माझ्या उत्तराच्या वीस मिनिटं आधीच संगमावर हजर. परतताना बघतो तर दुसरा अजून तिथंच फिरतोय.

दाजी हसू आवरत म्हणाले की गणित बुडालं. मी वही उघडून चूक शोधू लागलो. भाची मात्र नावेत उभी राहून त्या भोपळ्याकडे बघत खुदुखुदु हसत होती.

"मामा, वही मिटा. नियम दोघांना एकच होता. चार बोटांच्या फरकाने एवढं झालं. मग आधी किती बारीक मोजायचं, आणि कितीही मोजलं तरी कुठवर सांगता येईल? अण्णा, मला हेच शिकायचंय."

दाजींनी नावाड्याला नाव भोवऱ्याजवळ घ्यायला सांगितलं.

"उद्याचा भाव सांगणारे बाजारात दहा भेटतात," ते म्हणाले. "कुठवर सांगता येतं असं विचारणारी ही पहिलीच."

जूनमध्ये कॉलेजच्या कारकुनाकडे बहात्तर रुपये दाजींनी स्वतः भरले. भोवऱ्यातला भोपळा काढून दिल्याबद्दल नावाड्याला एक रुपया, तो मी दिला.