रविवारच्या यमुनाबाई

यमुनाबाई रविवारी पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट घालायच्या. घोट्याच्या वर खोचलेलं पातळ, खांद्याला खाकी पिशवी, आणि सकाळच्या पॅसेंजरनं चिंचवडहून लोणावळ्याला. एकट्या. परतायच्या दिवेलागणीच्या सुमाराला, बूट चिखलानं भरलेले आणि चेहऱ्यावर असं समाधान, की आमच्या आळीतल्या बायकांना ते बघवत नसे.

स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली होती. पिंपरीच्या बाजूला कारखाने उभे राहत होते, गावात रोज नवी बिऱ्हाडं येत होती, आणि कोण कुठला याची चौकशी करणं हा सगळ्यांचाच जोडधंदा झाला होता. मी रत्नागिरीकडून आलेली, बाविशीतली, मुलींच्या शाळेत गणित शिकवणारी. यमुनाबाई त्याच शाळेत चित्रकला शिकवायच्या. चाकणजवळच्या शेतकरी घरातल्या, चाळिशी ओलांडलेल्या, लग्न न केलेल्या. आम्ही दोघी मिळून दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या.

शाळेत त्यांची भाषा छापील असायची. घरी आल्यावर चपला काढाव्यात तशी ती काढून ठेवायच्या. मी एकदा विचारलं, "दर रविवारी जाता तरी कुठे?"

"घरं बघाया."

"कुणाची?"

"ते मी इचारत न्हाई."

एवढ्या उत्तरावर कोण गप्प बसणार? घरमालकीण म्हणायची, तिथं कुणीतरी शेठ असणार. शेजारच्या काकूंनी तर तिथं वाढणारं एक मूलही शोधून काढलं होतं. मी हसायची, पण त्या परत आल्या की त्यांच्या पिशवीकडे माझीही नजर जायची.

पावसाळा सरता सरता हेडमास्तरांनी मला बोलावलं. एका मुलीच्या चित्राच्या वहीत त्यांना यमुनाबाईंच्या हातचा एक कागद सापडला होता. वर लिहिलं होतं, 'स्टेशन ते धबधबा, चालत. सोबत कुणी नसलं तरी चालेल.' खाली रेघांनी काढलेले रस्ते, आकडे घातलेली फाटकं आणि बारीक अक्षरात सूचना. 'तिसरं फाटक. कुत्रं बांधलेलं असतं, भुंकू द्यावं.' 'माळी दुपारी जेवायला जातो. तेव्हा मागची बाजू निवांत दिसते.' 'इथं थांबावं. घाई करू नये.'

"तिकडे लोणावळ्यात मागच्या महिन्यात एक बंगला फुटला," हेडमास्तर म्हणाले. "आपल्या कमिटीतल्या एकांनी बाईंना फाटकाशी उभं राहून काही टिपताना पाहिलंय. हा चोरीचा नकाशा आहे, की," त्यांनी आवाज उतरवला, "दुसरं काही?"

"मला ठाऊक नाही, सर."

"म्हणूनच येत्या रविवारी तुम्ही बरोबर जा. काय दिसलं ते लिहून द्या."

माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. मी हो म्हणाले.

मी येते म्हटल्यावर यमुनाबाईंनी बुटाची नाडी बांधता बांधता वर पाहिलं. "कुनी धाडलं तुला?"

"कुणी नाही. सहज."

त्यांनी दुप्पट भाकऱ्या बांधून घेतल्या.

त्या दिवशी आम्ही खूप चाललो. यमुनाबाई प्रत्येक बंगल्याच्या फाटकाशी थांबायच्या आणि शाळेतल्या भाषेत सांगायच्या: जोतं एवढं उंच का, पश्चिमेच्या भिंतीत खिडक्या कमी का, वरांड्याची लाकडी झालर कुणा सुतारानं घाईत केली आणि कुणी जीव लावून. "पाऊस कुठून येतो ते घराला विचारावं," असं त्या म्हणाल्याचं आठवतं. मी मान डोलवत होते आणि खिडक्यांमागे कुणाचा चेहरा दिसतो का ते पाहत होते.

एका बंगल्याचा रखवालदार काठी घेऊन आला. "काय पायजे, बाई? कुनाचं लिवून घेताय?"

"कुनाचं न्हाई, दादा. ह्या खांबाचं," यमुनाबाई म्हणाल्या. "खाली दगूड, वर लाकूड. सांधा कसा बशिवलाय बगा की."

तो आधी त्यांच्याकडे, मग खांबाकडे बघत राहिला. दिवसातनं दहा वेळा त्या खांबावरनं जाणारा माणूस. त्याला पटलं नाही, पण तो परत गेला.

पुढच्या वळणावर एका वरांड्यातून एका म्हाताऱ्या पारशी गृहस्थांनी हात केला. यमुनाबाईंनीही केला. "कोण ते?" मी लगेच विचारलं.

"नाव ठाऊक न्हाई. दर खेपेला हात करत्यात. मंग मी बी करते."

शेवटी धबधबा आला. सहलीची माणसं काठावर ओरडत भिजत होती. यमुनाबाई भाकरी सोडत म्हणाल्या, "समदे ह्याच्यासाठी येत्यात. पानी काय, पाऊस पडला की पडतंच. घर कुनीतरी मनात आणल्याबिगर उभं ऱ्हात न्हाई. म्हनून त्यो कागद केला. एखाद्या पोरीला एकटीनं यावं वाटलं, तर वाट ठावी असावी."

सोमवारी मी चार ओळी लिहून दिल्या. पारशी गृहस्थांचा उल्लेख गाळला आणि आपण मोठा उपकार केला असं मनात धरलं. शेवटची ओळ होती, 'मी बरोबर असताना गैर असे काही आढळले नाही.'

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी यमुनाबाईंना कळवण्यात आलं, की पुढच्या वर्षी त्यांची गरज नाही. हेडमास्तरांनी माझे शब्द त्यांना वाचून दाखवले होते. घरी येऊन त्या पाणी प्यायल्या आणि माझ्यासमोर बसल्या.

"चार वळी लिवल्यास. तीन चांगल्या हुत्या," त्या म्हणाल्या. "'मी बरोबर असताना' हे कशापायी घातलंस?"

"खरं होतं म्हणून."

"व्हय, खरं हुतं. पर तेवढ्या शब्दांत त्यांनी तू संगं नसलेले बाकीचे समदे रविवार घातले, कमल."

मला रडू आलं. त्यांनी मला गप्प केलं नाही, आणि बोलही लावला नाही. उठून चूल पेटवली.

त्यांना नाशिककडच्या एका शाळेत जागा मिळाली. सामान थोडंच होतं. मी चिंचवड स्टेशनवर पोचवायला गेले. गाडीला वेळ होता. बाकावर बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "त्या दिवशी तुला घरं आवडली का गं?"

"आवडली."

"कुठलं?"

मी आठवू लागले. मला रखवालदाराची काठी आठवत होती, खिडक्यांचे पडदे आठवत होते. "तो म्हातारा हात करतो ना, ते," मी म्हणाले.

"त्याचं छप्पर कसलं हाय?"

मी अंदाजानं म्हणाले, "पत्र्याचं."

त्यांनी मान हलवली. वर्गात उत्तर चुकलेल्या मुलीकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं, रागानं नाही. मग गाडी आली, आणि मी त्यांची ट्रंक आत ठेवून दिली.

पुढं त्यांची दोन पत्रं आली. तिसरं आलं ते त्या शाळेतल्या एका बाईंचं, यमुनाबाई हिवतापानं गेल्याचं. ते वाचल्यानंतरच्या रविवारी मी एकटी लोणावळ्याला गेले आणि त्या हात करणाऱ्या म्हाताऱ्याच्या फाटकाशी बराच वेळ उभी राहिले. छप्पर कौलारू होतं. जुन्या लाल कौलांत मधेच एक पट्टा नव्या कौलांचा होता, आणि तो कुणीतरी फार काळजीनं बसवला होता.