नेम गुडघ्यावर होता

शबनमचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यात मुलांना खिचडी वाढत होते. गडचिरोली जिल्ह्यात, मुलचेऱ्याच्या बाजूला आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. निम्मी मुलं इथं येऊन वसलेल्या बंगाली घरांतली, निम्मी गोंड. जेवणाच्या सुट्टीत गलका एवढा असतो की फोन कानाला लावून मी मागच्या चिंचेखाली गेले. "फुफी," ती म्हणाली, "अब्बा गेले." परत आले तर मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "कोण गेलं, बाई?" मी "भाऊ" म्हणाले आणि रजेचा अर्ज लिहायला बसले. शबनमचे अब्बा, यासीनभाई, माझे भाऊ नव्हते, ती मला फुफी, म्हणजे आत्या, म्हणत असली तरी. मी मासे धरणाऱ्या धिवराची मुलगी, चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तलावाकाठच्या गावातली. ते चंद्रपूर शहरातले, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घरातले, नोकरीनं पोलीस हवालदार. आमची ओळख कशी झाली हे सांगायचं तर त्यांनी झाडलेल्या एका प्लास्टिकच्या गोळीपासून सुरुवात करावी लागते. त्या गोळीनं माझा डावा डोळा गेला. त्यांना जाऊन आता चाळीस दिवस होऊन गेलेत, आणि हे सगळं एकदा नीट सांगावं असं वाटतंय...

मी तेव्हा बारावीची परीक्षा दिलेली होती. आमच्या तलावात पिढ्यानपिढ्या आमचीच जाळी पडत आलेली. त्या उन्हाळ्यात मासेमारीचा ठेका बाहेरच्या माणसाला मिळाला आणि त्याची माणसं पोलीस बंदोबस्तात जाळी टाकायला येणार असं कळलं. सकाळीच गावातल्या बाया पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, जाऊन बसल्या, मीही बसले. पोलीस खाली धानाच्या बांधीत उभे होते, ढाली आणि काठ्या घेऊन. भोंग्यावरून कोणीतरी काहीतरी सांगत होतं, पण वारा तलावावरून त्यांच्याकडे वाहत होता, आमच्यापर्यंत शब्द पोचतच नव्हते. लाठ्या चालल्या. आमच्याकडून दगड गेले, ते लपवण्यात अर्थ नाही. मग अश्रुधुराचं नळकांडं आलं, आणि त्याच वाऱ्यानं तो धूर उलटा पोलिसांवरच गेला. तेही खोकत होते, आम्हीही धावत होतो. सगुणाकाकू, माझी सख्खी चुलती, पाळीच्या दगडांवर घसरून पडली. मी तिला उचलायला वाकले. एवढंच मला आठवतं. आवाज आठवत नाही, दुखणंही आठवत नाही. काकूचा हात तेवढा आठवतो, तिनं स्वतःच्या लुगड्याचा पदर माझ्या तोंडावर दाबून धरला होता आणि सारखी म्हणत होती, "पाहू नको मंदे, कुठी पाहू नको."

नागपूरच्या दवाखान्यात सहाव्या दिवशी एक माणूस खाटेपाशी येऊन उभा राहिला. साधे कपडे, बारीक कापलेले केस, हात मागं बांधलेले. म्हणाला, "मी यासीन. गोळी माझ्या हातची होती." माझे बाबा आयुष्यात कधी कोणावर ओरडले नाहीत. त्या दिवशीही ओरडले नाहीत. नुसतं दाराकडे बोट करून म्हणाले, "जा तुमी इथून." ते गेले. आई सांगायची की संध्याकाळपर्यंत ते खालच्या पायऱ्यांवर बसून होते. मला त्या वेळी त्यांचा एवढा राग होता की त्यांचं नाव निघालं की मी भिंतीकडं तोंड फिरवायची. एकोणीस वर्षांची मुलगी, एका डोळ्याची. माझं जुळत आलेलं लग्न त्याच महिन्यात मोडलं, तेही निरोप्याकरवी.

पुढं चौकशी झाली. तहसीलच्या एका मोठ्या खोलीत लाकडी बाकांवर आम्ही एका बाजूला, पोलीस दुसऱ्या बाजूला. एकामागून एक सगळ्या पोलिसांनी एकच सांगितलं, जमावातूनच आलेला दगड त्या मुलीला लागला. ऐकता ऐकता मलाही क्षणभर वाटलं, असेल बुवा, मी कुठं पाहिलंय... मग यासीनभाईंना बोलावलं. ते उभे राहिले आणि म्हणाले, "दगड नव्हता, साहेब. माझी गोळी होती." खोलीत चुळबुळ झाली. चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं, "अंतर किती होतं?" "वीस पावलं. तेवढंही नसंल." "एवढ्या जवळून मारायची नसते, ठाऊक नव्हतं?" "ठाऊक होतं. धूर डोळ्यात होता, लोक अंगावर येऊन राह्यले होते, अन् हुकूम झाला होता." त्यांनी पुढं सांगितलं, "नेम कमरेखाली होता साहेब. नेम गुडघ्यावर होता. पण ते पोरगी वाकली होती."

ते वाक्य ऐकलं आणि पाळीवरचा तो क्षण मला पहिल्यांदा बाहेरून दिसला. उभ्या माणसाचा गुडघा जिथं असतो तिथं माझा चेहरा होता, कारण मी काकूला उचलत होते. बाबा त्या दिवशी परतताना एसटीत एवढंच म्हणाले, "खरं बोलला माणूस." त्यात राग गेला असं मुळीच नाही. पण आमच्या बाजूनं साक्ष देणारा तो एकटाच होता, आणि तो त्यांच्यातला होता. त्याची किंमत त्यांनी मोजली. बढती अडली, बदली झाली, दोन वर्षं जंगलातल्या एका आतल्या ठाण्यावर काढली, आणि ज्यांच्यासोबत एका ताटात जेवायचे ते लोक उठून दुसऱ्या बाकावर बसायला लागले. हे मला त्यांनी कधी सांगितलं नाही. नसीमभाभींनी, त्यांच्या पत्नीनं, खूप वर्षांनी सांगितलं.

मी डी.एड. केलं, नोकरीला लागले, गाव सुटलं. दहाएक वर्षांनी एका दुपारी ते आमच्या शाळेच्या फाटकात उभे दिसले. केस पांढरे झालेले, अंग सुटलेलं, पण हात तसेच मागं बांधलेले. मी ओळखलं. वर्गातल्या मुलांना पाढे लिहायला लावून बाहेर आले. ते म्हणाले, "मंदाबाई, मी माफी मागाले नाई आलो. ते मागून भागत असतं तर कवाच मागितली असती. एक काम हाय." आता ते गडचिरोलीत नव्या शिपायांना शिकवत होते, जमाव कसा हाताळायचा, लाठी कुठं मारायची, गॅस कधी सोडायचा, ती गोळी कधी आणि किती लांबून झाडायची. "एक डाव येऊन त्या पोरांसमोर उभ्या राहा. काही बोलू नका. नुसत्या उभ्या राहा." "मी काय दाखवायची वस्तू हाव का?" मी विचारलं. "डोळा घेतला, आता थोबाड पण पाह्यजे तुमाले?" ते मान खाली घालून म्हणाले, "नाई. चुकलं माझं," आणि वळून चालायला लागले. मी वर्गात आले, मुलांचे पाढे तपासले, आणि एकही चूक मला दिसली नाही. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर चुकाच चुका होत्या.

महिनाभरानं मी स्वतःहून गेले. का गेले ते आजही धड सांगता येत नाही. बहुतेक ते पोरांना काय शिकवतात ते पाहायचं होतं, आणि खोटं शिकवत असतील तर तिथंच तोंडावर सांगायचं होतं. मैदानाच्या कडेला मोहाच्या झाडाखाली उभी राहिले, त्यांनी पाहिलं नाही. समोर तणसाचे पुतळे मांडलेले होते, पोत्यात भरलेले. काही उभे, काही बसलेले, एक ओणवा. एक एवढासा, चार वर्षांच्या लेकराएवढा. यासीनभाई एक प्लास्टिकची गोळी वर धरून पोरांना सांगत होते, "याले काय म्हणतेत? कमी घातक. अन् तुमी सारे वाचता घातक नाई. कमी हा शब्द कोणी वाचतच नाई." मग त्यांनी निम्म्या शिपायांना पलीकडं नेऊन पुतळ्यांमध्ये ओणवं बसवलं आणि उरलेल्यांना रिकाम्या बंदुका रोखायला लावल्या. "आता तिकडच्यांनी सांगा, काय दिसून राह्यलं?" कोणी हसलं. मग एक मुलगी, कुसुम तिचं नाव, भामरागडकडची गोंड मुलगी, ओणव्यानंच म्हणाली, "नळी दिसते, सर. दुसरं काईच नाई दिसत."

मी पुढं गेले. यासीनभाई मला पाहून बाजूला सरकले. नेहमी घालते तो काळा चष्मा मी काढला. त्या पोरांच्या चेहऱ्यांवर ते आलं जे नेहमी येतं, आधी नजर खिळते, मग नजर चुकते. मी म्हणाले, "मी दगड नव्हता मारला. मारला असता तरी हेच सांगाले आली असती. मी माझ्या काकूले उचलत होती." कुसुमनं हळूच विचारलं, "बाई, लय दुखलं का?" इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलंच नव्हतं. डॉक्टर, वकील, पत्रकार, सगळ्यांनी विचारलं की काय झालं, कधी झालं, किती वाजता झालं. मी म्हणाले, "तेव्हा नाई दुखलं. नंतर दुखलं." आणि मला रडू फुटलं, वीस-बावीस वर्षांच्या पोरापोरींसमोर, वर्दीतल्या. यासीनभाई पाठमोरे उभे होते. त्यांचे मागं बांधलेले हात एकमेकांना घट्ट धरून होते, बोटं पांढरी पडलेली.

त्यानंतर मी दरवर्षी जात राहिले. गावी येता-जाता चंद्रपूरला त्यांच्या घरी उतरणं सुरू झालं. नसीमभाभींच्या हातची खिचडा-बिर्याणी, शबनमच्या शाळेच्या वह्या, आणि यासीनभाईंशी न संपणारं भांडण. मी म्हणायची, ही हत्यारं असूच नयेत. लोक बसले असतील तर बोला, दिवसभर बोला. ते म्हणायचे, "बोलाच. मी कुठी नाई म्हणतो? पण बोलणं संपलं अन् शिपायाच्या हातात दुसरं काहीच नसलं, तर रायफलच उरते, बाई. मी रायफल चाललेली पाह्यली. अन् सुरुंगानं उडालेल्या गाडीतून दोस्ताचे बूट वेचले. मले दोन्ही ठाऊक हाय." कधी मला त्यांचं पटायचं, कधी त्यांना माझं. बरेचदा दोघांनाही काही पटायचं नाही आणि चहा गार व्हायचा.

एका वर्षी कुसुमची परीक्षा झाली. कुठल्या तरी तालुक्याच्या गावी कार्यालयाच्या फाटकावर लोक जमले होते, पुढच्या रांगेत बाया बसलेल्या. मागून दगड आले, हुकूम झाला, बंदूक कुसुमच्या हातात. ती अधिकाऱ्याला म्हणाली, "साहेब, बाया बसल्या हायेत. बसलेल्या माणसाचा गुडघा अन् डोकं एकाच रेषेत येते. नेम कुठी धरू?" साहेब चिडले, पण थांबले. पथक तीस-चाळीस पावलं मागं आलं, कोणीतरी वडीलधारा मध्ये पडला, बोलणी झाली, तासाभरानं लोक उठले. हे यासीनभाईंनी मला सांगितलं तेव्हा मला वाटलं ते खूष असतील. ते खूष नव्हते. मागं सरताना कुसुमच्या शेजारच्या शिपायाला दगड लागून त्याचे पुढचे दोन दात पडले होते. यासीनभाई त्याला दवाखान्यात भेटून आले होते. "त्याच्या मायनं विचारलं, माझ्या पोराले ढाल एवढी छोटी काऊन दिली म्हणून. मी काय सांगू तिले?" मग म्हणाले, "पण बाया घरी गेल्या, मंदाबाई. साऱ्या घरी गेल्या."

शेवटची दोन वर्षं मूत्रपिंडाच्या आजारानं त्यांना धरलं. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मी शेवटची भेटले तेव्हा ते खाटेवर टेकून बसले होते, हाताला पट्टी. अचानक म्हणाले, "तुमी मले कधी माफ केलं नाई." तक्रार नव्हती, पाऊस पडला नाही म्हणावं तसं म्हणाले. मी म्हणाले, "तुमी कधी मागितलीच नाई." ते हसले. "मागितली असती तर दिली असती?" मी खरं ते सांगितलं. "ठाऊक नाई, भाऊ. आरशात पाह्यलं का अजून राग येते. तुमच्या घरी आली का जाते." त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "मंग येत जा." एवढंच आमचं शेवटचं बोलणं. मला आता वाटतं, त्यांना खोटी माफी नकोच होती. चौकशीत खरं बोललेला माणूस, त्याला माझ्याकडूनही खरंच ऐकायचं असणार...

चाळिसाव्या दिवशी चंद्रपूरला गेले होते. घर माणसांनी भरलेलं, कुसुम आली होती, आता तिच्या बाहीवर बढतीची फीत आहे. तिनं नसीमभाभींचे पाय धरले. संध्याकाळी मी निघाले तेव्हा शबनम रिक्षापर्यंत सोडायला आली. त्यांच्या घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंतची गल्ली अरुंद, नाल्यांवर फरशा टाकलेल्या, कुठं फरशी आहे कुठं नाही. दर वेळी यासीनभाईच मला सोडायला यायचे, पाय सुजलेले असले तरी. फाटकाबाहेर पडलं की ते माझ्या मागून वळसा घालून डाव्या हाताला यायचे, अर्धं पाऊल पुढं चालायचे आणि सहज बोलल्यासारखं सांगत राहायचे, खड्डा हाय, सायकल येऊन राह्यली, फरशी हालते. त्या बाजूचं मला दिसत नाही हे मी कधी बोलले नव्हते आणि त्यांनीही कधी बोलून दाखवलं नाही. त्या संध्याकाळी फाटकाबाहेर आल्यावर शबनम माझ्या उजवीकडं होती. दोन पावलं चालली, थांबली, आणि माझ्या मागून वळसा घालून डावीकडं आली.

"अब्बांनी सांगून ठेवलं होतं का?" मी विचारलं.

"नाई," ती म्हणाली. "खिडकीतून पाह्यत होती ना मी, दर वेळेस." मग माझ्या कोपराला हात लावून म्हणाली, "फुफी, इथी फरशी नाई. थोडं इकडून."