फोटोतून गेलेला तीळ

हॉलतिकिटावरचा तुमचा फोटो तुमच्यासारखा दिसत होता का हो? खरं सांगा, लाजू नका.

चौकातल्या फोटोवाल्यानं काढला असता, तर दिसला नसता. सगळे त्याला 'डागपुसे' म्हणतात. प्रवेश परीक्षांच्या मोसमात त्याच्याकडे पोरांची झुंबड उडते. मागे पांढरा पडदा, दोन्ही कान बाहेर, चष्मा उतरव, हसू नकोस, हे सगळं त्याला तोंडपाठ. आणि छापण्याआधी मुरूम, व्रण, जे दिसेल ते कॉम्प्युटरवर पुसून टाकायचं. कुणी सांगितलेलं नसतं. हाताला खाजच तशी. "लेकरू परीक्षेला बसतंय, तोंड तरी स्वच्छ असू दे," म्हणतो.

यंदा त्यानं सख्ख्या भाचीच्या ओठावरचा तीळ पुसला. तीळ कसला, चांगला वाटाण्याएवढा! पोरीला नर्सिंगला जायचं होतं. आईनं बजावलेलं, "या खेपेला नंबर लागला नाही, तर बास झालं शिक्षण."

मामाच तिला स्कूटरवरून केंद्रावर घेऊन गेला. गेटवरच्या साहेबांनी हॉलतिकीट तिच्या गालाजवळ धरून पाहिलं.

"फोटोत तीळ नाही."

"मामानं पुसला, सर."

"मग मामालाच बसव परीक्षेला. हो बाजूला!"

पोरीचं तोंड एवढंसं झालं. "मामा, पुसायला दुसरं कुणाचं थोबाड मिळालं नाही का तुला?"

मामाचा पारा चढला. साहेबांवर की स्वतःवर, त्याचं त्याला ठाऊक. पण भांडायला वेळ कुठला? गेट बंद व्हायला आलेलं. चकाकणाऱ्या नाकांसाठी खिशात कायम असते ती पावडरची डबी त्यानं काढली, भाचीला स्कूटरच्या आड बसवलं आणि दिलं लिंपण थापून. तीळ गायब! दोघं पुन्हा गेटवर.

"आता बघा, साहेब."

"अरे, आत्ता पाहिलाय मी तो तीळ!"

"तुमचा नियम काय? चेहरा फोटोशी जुळला पाहिजे. जुळतोय ना? की पावडरलाही बंदी आहे?"

साहेबांनी नियमांचा कागद उलटसुलट केला. कान होते, चष्मा होता, पावडरीचं नावच नव्हतं. मागची रांग कुरकुरायला लागली.

"जा बाई आत! आणि घाम पुसू नकोस."

नंबर लागला. पण प्रवेशाला नवी अट निघाली: परीक्षेचाच फोटो सगळीकडे हवा. माणूस बदलला तरी चालेल, कागद बदलता कामा नये! ओळखपत्रावरही तोच फोटो चिकटला. आता पोरगी रोज तीळ झाकून कॉलेजच्या दारातून शिरते, आत गेली की तोंड धुते, आणि डबी संपली की मामाच्या दुकानातून हक्कानं नवी उचलते.

मामा आता कुणाचा साधा मुरूमही पुसत नाही. पण हात अजून शिवशिवतो बिचाऱ्याचा. म्हणून एवढं ऐका: पोरांना घेऊन त्याच्याकडे गेलात, तर "तेवढा डाग काढा ना" असं चुकूनही म्हणू नका.