सोनवणे मॅडमचा तास

रेखा सोनवणे मॅडमवर अन्याय झाला तो गेल्या दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शनिवारी, भर दुपारी, स्टाफरूमच्या दारात. खुर्चीवर बसा असंसुद्धा कुणी म्हटलं नाही. "बेन, पुढच्या सत्रात तुमच्या तासाची जरूर नथी," एवढं बोलून प्राचार्य चहाला निघून गेले.

मॅडम मूळच्या धुळ्याकडच्या, राहायला इथे गुजरातेत, आमच्या नवागामात. कॉलेजात पहिल्या वर्षाला त्या शोधनिबंध लिहायला शिकवायच्या. आम्ही लिहायचो गुजरातीत, त्या रागवायच्या अहिराणीत. वही तपासताना पेन मध्येच थांबायचं आणि प्रश्न यायचा, "कोन म्हनस?" सगळेच म्हणतात, असं कुणी सांगितलं की संपलंच. "सगळा कोन? एक तरी नाव सांग ना, माय!"

माझा विषय होता लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, आवाज आणि कामगारांचे कान. गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे तयार निबंध मिळतात. त्यातलं एक वाक्य मी उचललं होतं. 'कामगार अज्ञानामुळे कानात बोळे घालत नाहीत.' मॅडमनी वही मिटली.

"तुझे पप्पा काय करतात?"

"लूम चालवतात."

"अज्ञानी आहेत?"

मी सांगायला तोंड उघडलं.

"मला नको सांगू. घरी जाऊन विचार."

पप्पांना काहीही विचारायचं तर ओरडावं लागतं. ते म्हणाले, बोळे घातले तर मशीनचा सूर बदललेला कळत नाही, कापड बिघडतं, शेठ बोंबलतो. मी धावत मॅडमकडे गेले. वाटलं, शाबासकी मिळेल. कसली शाबासकी! "पप्पा म्हणाले म्हणून खरं का? दुसऱ्या खात्यात जा." आमच्याकडे लूमच्या शेडला खातं म्हणतात. तिथले रमेशकाका हसायलाच लागले. "बोळे? कोणी दिले तर घालू ना!" मॅडम म्हणाल्या, दोघांची नावं घाल, दोघांचं लिही, डॉक्टरांच्या पुस्तकात काय आहे तेही लिही. आणि मग तुला काय पटलं ते सांग. घाबरत सांगू नको.

मी सांगितलं, अज्ञान कामगारांचं नाही, बोळे देणं शेठचं काम आहे. दिवाळीआधीच्या कार्यक्रमात निबंध वाचला. पहिल्या रांगेत कॉलेजचे एक ट्रस्टी होते, त्यांची स्वतःची खाती आहेत. ते मध्येच उठले. "आ कॉलेज छे के युनियन?" प्राचार्यांनी मॅडमना तिथेच सांगितलं, निबंध मागे घ्या. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "एक चूक दाखवा, साहेब. आत्ता फाडते." कुणी दाखवली नाही. दाखवणार कुठून? वाचलाच नव्हता कुणी! त्यानंतरचा शनिवार मी वर सांगितलाच आहे.

मी रागाने पत्रक लिहिलं आणि त्यांच्या घरी नेलं. त्या मेथी निवडत होत्या. 'सर्व विद्यार्थी संतप्त आहेत,' हे वाक्य त्यांनी खोडलं. "सर्व? काल दोघी गेटवर सेल्फी काढत होत्या." 'शोषण' तीनदा आलं होतं, तेही तिन्ही ठिकाणी खोडलं. "काय केलं त्यांनी, ते लिही. शिव्या वाचणाऱ्याला देऊ दे." माझ्या नोकरीचं लिहू नको, पोरींच्या तासाचं लिही, असंही म्हणाल्या. त्यांचं एवढं एकच मी मानलं नाही.

आज त्या पर्वत पाटिया भागातल्या एका क्लासमध्ये सातवीच्या मुलांना गणित शिकवतात. कॉलेजात तो तास घ्यायला आता कुणीच येत नाही. पहिल्या वर्षाच्या पोरी झेरॉक्सवाल्याकडे रांग लावतात आणि त्या विकतच्या कागदांत आपल्याच आईबापांना अज्ञानी म्हणून मार्क मिळवतात.

तुमची मुलगी या कॉलेजात असेल तर सोमवारी तिच्यासोबत या. खात्यात पाळी असेल तर बदलून घ्या. प्राचार्यांच्या केबिनमध्ये समोरच्या खुर्चीवर बसा आणि म्हणा, सोनवणे मॅडमना वर्गावर परत घ्या. बघू म्हणाले तर कधी ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नका.